कुंडलिकेचं पाणी किती वाजता येतं, ते फलकावर लिहा: एक खुलं पत्र

प्रति,
कुंडलिकेकाठचे राफ्टिंग, कयाक आणि तंबू-मुक्कामाचे सर्व आयोजक,
कोलाड, साजे, रवाळजे ते पाटणूस-भिरा परिसर

(शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ग्रुपच्या म्होरक्यांनीही वाचलं तर बरं.)

सप्रेम नमस्कार.

एप्रिलात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे गोटे उघडे पडतात, डबक्यांत म्हशी बसतात. त्याच दिवसांत कुंडलिकेवर राफ्ट, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या, चालतात, कारण तिच्यातलं उन्हाळी पाणी मुळात तिचं नाही. ते घाटमाथ्यावरच्या मुळा नदीचं आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशी सत्याग्रह केला, त्याच धरणाचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरून १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघराची चक्रं फिरवतं. वीज करून मोकळं झालेलं पाणी खाली अडवतात, रवाळजेकडून नदीत सोडतात, आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांना लागतं. घाटावर राहिलं असतं तर भीमेतून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. आता ते रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. राफ्ट या पाण्यावर मधल्यामध्ये बारा-एक किलोमीटर चालवल्या जातात. पाणी सुटतं ते विजेसाठी आणि सिंचनासाठी, पर्यटनासाठी नव्हे. तुम्हाला हे पाठ आहे. तुमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ठाऊक असतं?

पाणी केव्हा सुटणार हे तुम्ही रोज बघता, कारण राफ्ट त्यावरच निघतात. ती वेळ जेवणाच्या मंडपात, पार्किंगमध्ये आणि नदीकडे उतरणाऱ्या प्रत्येक पायवाटेवर मोठ्या अक्षरात लावा, ही आमची मुख्य मागणी. बाकी जे लिहितो आहोत ते सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

पाणी बंद असतं तेव्हा ही नदी फार गरीब दिसते. मधल्या कातळावर सहज चालत जाता येतं, दोन प्रवाहांच्या मधे बसायला छान सावली असते, फोटो चांगले येतात. फसगत इथेच होते. पाणी भिंतीसारखं उभं राहून येईल अशी लोकांची कल्पना असते, पण ते येतं गुपचूप: आधी पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, मग फेस, मग पायाजवळचा ओळखीचा गोटा दिसेनासा होतो. कातळावर बसलेल्या माणसाला पाणी घोट्याला लागेपर्यंत काही जाणवत नाही, आणि तोवर त्याच्या आणि काठाच्या मधला सखल भाग भरून गेलेला असतो. माणूस उंचावर सुरक्षित असतो आणि तिथेच चूक करतो, घाईने परत यायला निघतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात जो तरुण आरामात उभा होता, तोच मांडीएवढ्या वेगवान पाण्यात दुसऱ्या पावलाला उलथतो. अशा वेळी पाहुण्याला सांगायचं ते एवढंच: आहेस तिथल्या सर्वांत उंच दगडावर बस, शिट्टी मार, आम्ही राफ्ट घेऊन येतो. तेव्हा प्रत्येक पायवाटेवर एखादा माणूस आणि एक शिट्टी हवीच. पाणी सुटण्याचा भोंगा धरणाजवळ वाजतो. सात-आठ किलोमीटर खाली, नदीच्या खळखळाटात आणि कॅम्पच्या स्पीकरमध्ये, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आता वेळेचं दुसरं टोक. पाण्याची वाढ आणि त्याचा उतार, दोन्ही तरंगणाऱ्या राफ्टपेक्षा वेगाने खाली सरकतात. सकाळी याचा फायदा होतो, नदी तुमच्या पुढे भरत जाते. शेवटच्या खेपेला याचाच फटका बसतो. पाणी बंद व्हायच्या अर्धा तास आधी सोडलेली राफ्ट वरच्या टप्प्यात मजेत जाते, मग मागून उतार येऊन तिला गाठतो आणि खालच्या टप्प्यात ती दगडांवर बसते. मग पाहुणे खाली उतरून राफ्ट ढकलतात, आणि शेवाळलेल्या गोट्यांवर पाय मुरगळण्याचे प्रकार नेमके तिथे होतात. म्हणून शेवटची खेप पाणी बंद होण्याच्या वेळेवरून उलटी मोजा: पूर्ण टप्प्याला लागतात ते दीड ते दोन तास, वर अर्ध्या तासाची सोय. गर्दीच्या रविवारी एक खेप जास्त मारायचा मोह आम्हाला कळतो. तो आवरा.

साहित्याबद्दल. लाइफ जॅकेट प्रत्येकाला देता, ते अंगाला बसतं का हे मात्र घाईत राहून जातं. पट्टे आवळल्यावर जॅकेटच्या खांद्याला धरून वर ओढून बघायचं. ते कानाच्या पाळीपर्यंत वर आलं, तर पाण्यात ते माणसाच्या चेहऱ्यावर चढेल आणि माणूस आत लोंबेल. लहान चणीच्या मुलींना आणि किरकोळ पोरांना मोठ्या मापाचं जॅकेट देणं म्हणजे ते न दिल्यासारखंच. मापांचे तीन ढीग वेगळे ठेवा, रंगीत फीत बांधा, सकाळची अर्धी धावपळ वाचेल. आतला फोम दोन-तीन मोसमांत दबतो, कारण पाहुणे जॅकेट खाली टाकून त्यावर बसतात. फोमची परीक्षा सोपी आहे. आठ किलोचं लोखंडी वजन जॅकेटला बांधून डोहात सोडा. पाण्यात त्या वजनाचा भार सातएक किलो उरतो, आणि प्रौढांच्या नदीतल्या जॅकेटने किमान तेवढं उचललंच पाहिजे, म्हणजे वेष्टनावर छापतात ते ७० न्यूटन. जे बुडेल ते कापून टाका. नुसतं बाजूला ठेवलं तर मे महिन्यात गर्दी झाली की ते परत बाहेर निघतं, हे आपण सगळेच जाणतो.

हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात फार तर एक बोट शिरावं. कपाळ उघडं टाकून मागे ढकललेलं हेल्मेट सेल्फीसाठी ठीक.

राफ्टमधली हवा हा तर रोजचा विषय. चौदा फुटी राफ्टच्या कडेच्या नळ्यांत साधारण अडीच पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब लागतो. काठावर उन्हात भरलेली राफ्ट गार पाण्यात पडली की हवा आकसते आणि ती मऊ होते. मऊ राफ्ट लाटेत मधोमध दुमडते आणि पुढचे दोघे बाहेर फेकले जातात. उलट, पाण्यात टणक भरलेली राफ्ट दुपारी काठावर उन्हात ठेवली तर आतल्या कप्प्यांचे पडदे फाटतात. तेव्हा पाण्यात उतरवल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा पंप लावा, आणि काठावर काढताना प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. यात काही गुपित नाही, पण फाटलेल्या पडद्याची दुरुस्ती फार महाग पडते, आणि बाहेरून तो दिसतही नाही.

वल्ह्याच्या वरच्या टोकाच्या टी-मुठीवरचा हात सुटला की ती शेजाऱ्याच्या दातावर बसते. राफ्टिंगमध्ये दुखापत म्हटल्यावर लोकांना दगड आठवतात. दात आणि ओठ या मुठीनेच जास्त फुटतात. निघण्याआधीच्या सूचनांत हे पहिलं सांगा. आणि त्या सूचना मराठी-हिंदीत, थांबून, काठावर करून दाखवत द्या. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘डाऊन’ हे चार शब्द इंग्रजीच राहू देत, सगळ्या गाइडांचे तेच आहेत. पण त्यांवर काय करायचं हे पाहुण्याने एकदा हातांनी करून दाखवल्याशिवाय राफ्ट सोडू नका. एका राफ्टमध्ये आठ पाहुणे आणि एक गाइड, याहून जास्त नको. राफ्टच्या ताफ्यापुढे एक बचाव-कयाक (वल्ह्याची चिंचोळी छोटी होडी) हवी, आणि तिच्यावरच्या मुलाने फोटो काढायचे नाहीत.

माणूस पाण्यात पडला तर काय, हे सांगताना बहुतेक ठिकाणी ‘घाबरू नका’ यावर भागवतात. नेमकं सांगा: उताणं व्हा, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, हात पसरून दिशा द्या. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावरच उठायचं. कारण दोन गोट्यांच्या फटीत पाऊल अडकलं, तर मागचं पाणी माणसाला पुढे वाकवतं आणि कंबरेएवढ्या पाण्यातही डोकं वर राहत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सुटता येत नाही. दुसरा धोका काठच्या झुडपांचा. पाणी वाढलं की शेरणी, करंज, वाळुंज यांच्या फांद्या प्रवाहात जातात. त्यांतून पाणी गाळणीसारखं निघून जातं, माणूस मात्र अडकतो. फांदी आधार वाटते म्हणून बुडणारा तिलाच धरायला जातो. एरवी पाय पुढे ठेवणाऱ्याने अशा जाळीपुढे मात्र पालथं होऊन जोरात पोहत बाजूला निघायचं. ते जमलं नाही तर फांदीवर पोटाने चढायचं, खालून जाऊ बघायचं नाही.

बचावाची दोरी पिशवीत भरलेली, तरंगणारी आणि १५ ते २० मीटरची हवी. ती अंगठ्यापासून कोपरापर्यंत गुंडाळलेली नको. गुंडाळलेली दोरी फेकताना गाठ खाते. पिशवीत सुटी सुटी कोंबायची. फेकणाऱ्याने दोरी हाताला बांधायची नाही, आणि पाण्यातल्या माणसाने ती छातीवर धरून पाठीवर वळायचं.

बंधाऱ्याबद्दल एक शब्द वेगळा. वरून गुळगुळीत सांडणारा बंधारा कयाकवाल्यांना घसरगुंडीसारखा भासतो. त्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती उलटं फिरतं, तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. लाकडाचा ओंडका तिथे तासभर गोल फिरताना दिसतो, तोच पाहुण्यांना दाखवा. भाषण करावं लागणार नाही. भाड्याच्या कयाक संथ डोहातच ठेवा आणि बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी तरंगत्या डब्यांची दोरी आडवी बांधा. दुपारनंतर वारा सुटला की नवख्याला वाऱ्याविरुद्ध परत येता येत नाही. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध पाठवायचं, येताना वारा पाठीशी.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटं धरतात, नाही तर पोट दाबून पाणी काढतात. दोन्ही थांबवा. पोटातलं पाणी बाहेर आणण्याच्या नादात तो उलटी करतो आणि ती फुफ्फुसात जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास, हे चालू ठेवायचं आणि १०८ ला फोन दुसऱ्याने लावायचा. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच. त्रास काही तासांनी वाढू शकतो. माणगाव आणि रोहा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. तुमच्या कॅम्पपासून कुठलं जवळ आणि रात्री कुठल्या रस्त्याने जायचं, हे चालकाला आधी माहीत असावं.

तंबूंकडे येतो. ‘रिव्हर टच’ या शब्दाने तुमचं आरक्षण भरतं हे मान्य. पण पाणी शेवटी कुठवर आलं होतं हे नदीच लिहून ठेवते: काठच्या झाडांत अडकलेल्या चिंध्या, प्लास्टिक, वाळलेलं गवत बघा. त्या रेषेच्या खाली तंबू लावू नका, मार्चमध्येही नाही. खुर्च्या-टेबलं खाली मांडा, संध्याकाळी काढून घ्या, झोपायचं वरच. वाळलेल्या फांद्यांचा आंबा किंवा नारळाची झावळ तंबूवर यायला नको. वळवाच्या दिवसांत, म्हणजे मेमध्ये, संध्याकाळी ढग गडगडले की लोखंडी दांड्यांच्या मंडपातून लोकांना पक्क्या इमारतीत हलवा, उघड्या मैदानात गाड्यांत बसवलं तरी चालेल.

कोळशाची शेगडी तंबूत नेऊ देऊ नका. डिसेंबरच्या थंडीत बार्बेक्यूचे उरलेले निखारे ऊब म्हणून आत घेतात. विझत आलेला कोळसा वास आणि धूर न देता कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो; झोपलेला माणूस झोपेतच जातो. रात्री आचाऱ्याने सगळ्या शेगड्या मोजून पाण्याने विझवाव्यात. ती मोजणी त्याचं काम, पाहुण्याच्या समजुतीवर सोडू नका.

जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. तंबूची चेन सतत बंद, बूट आत किंवा काठीवर उलटे, रात्री बाहेर पडताना बॅटरी. चावलंच तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, हालचाल थांबवून रुग्णालयात. सापाची लस तिथेच मिळते, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर तीच चालते. कोकणातल्या लाल विंचवाचं दुखणंही थट्टेवारी नेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर त्याचे मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी माणूस वेळेत पोचावा लागतो. दंश झाल्यावर घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की सकाळची वाट बघायची नाही.

शौचालयं नदीपासून किमान सत्तर पावलं दूर. भांडी नदीत घासायची नाहीत, राखेनेसुद्धा. खाली त्याच पाण्यावर गावं आहेत. स्पीकर रात्री दहाला बंद हा कायदाच आहे. पण आमचं कारण निराळं: रात्री पाण्याचा आवाज बदलला तर तो कुणाला तरी ऐकू यायला हवा.

आणि देवकुंडचा धबधबा. राफ्टिंगच्या पॅकेजला ते जोडून विकलं जातं, आणि तिथलं पाणी रवाळजेच्या वेळापत्रकावर चालत नाही. ते थेट ताम्हिणीच्या आभाळातून येतं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पाटणूस-भिऱ्याकडून तिथल्या धरणाच्या फुगवट्याकाठाने जाणारी वाट पुढे रानात शिरते आणि ओढे ओलांडते. अडकतो माणूस तो कुंडापाशी नव्हे, परतीच्या ओढ्यावर. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी, माथ्यावर दीड तास पाऊस लागला की छातीएवढं होतं, आणि कुंडावर कदाचित ऊनही पडलेलं असतं. म्हणून पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं तेव्हा ‘आमच्या ओळखीचा गाइड आहे’ म्हणून आडवाटेने माणसं नेऊ नका. ओढ्याला गाइडची ओळख नसते. अडकलात तर ओलांडू नका, अलीकडेच उंचावर बसा. पाऊस थांबल्यावर असे ओढे काही तासांत उतरतात. पाठीवर एक कोरडा शर्ट, गूळ-शेंगदाणे आणि बॅटरी असली की ते तास निभतात. दोर बांधून माणसांची साखळी करून ओलांडणं टाळा. एक घसरला की दोर सगळ्यांना खेचतो.

कुंडात पोहणं बंदच ठेवा. वरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, असलं फेसाळ पाणी शरीराला नेहमीइतकं उचलत नाही, आणि धबधब्याच्या पायाशी ओढ आतल्या बाजूला असते.

उन्हाळ्यात तिथे धोका उलटा. भिरा पाऊस नसताना भट्टी असतो. मार्च २०१७ मध्ये इथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती. मार्चनंतर सकाळी सहाला निघा, अकराच्या आत परत. माणशी तीन लिटर पाणी, आणि एक लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ या प्रमाणाचं सरबत. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं की सावलीत आडवं करून अंग ओलं करायचं आणि वारा घालायचा. चालवत खाली आणायचं नाही. त्या वाटेवर दोन ओढ्यांना साकव झाले तर निम्मे प्रसंग टळतील. ग्रामपंचायतींनी ही मागणी लावून धरावी. प्रवेश शुल्क घेणाऱ्यांनी त्यात वाटा उचलावा.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्याखालचं नोंदणीपत्र, गाइडांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाची तारीख आणि विम्याचा कागद स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावा. पाहुण्यांनो, तो कागद दिसला नाही तर विचारा. राग येणाऱ्या आयोजकाकडे राहू नका.

फलकावर काय लिहायचं ते आम्ही सुचवतो, शब्द बदलायला हरकत नाही. वर तारीख, खडूने. खाली: ‘रवाळजेला पाणी सुटण्याची वेळ’. त्याखाली: ‘आपल्या काठाला पाणी पोचण्याची वेळ’, ही प्रत्येक कॅम्पने आठवडाभर घड्याळ लावून स्वतः मोजायची, शेजारच्याची उतरवायची नाही. मग: ‘या वेळेच्या अर्धा तास आधी सर्वांनी कातळावरून वर यावे.’ शेवटी: ‘पाणी वेळेआधीही येऊ शकते. पालापाचोळा वाहताना दिसला की लगेच वर या.’ शेजारी काठच्या पक्क्या दगडावर तीन रंगांचे पट्टे: पाणी बंद असतानाची पातळी हिरवी, राफ्ट चालण्याची पिवळी, आणि जिथून खेपा थांबवायच्या ती लाल. लाल पट्टा कुठे मारायचा हे सगळ्या आयोजकांनी एकत्र बसून ठरवावं, म्हणजे एकाने खेपा थांबवल्यावर त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याने उचललं असं होणार नाही. रंग तैलरंगच घ्या आणि दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर मारा. ओल्या कातळावर तो महिनाभरही टिकत नाही.

आपले,
कुंडलिकेत वल्हं मारणारे काही जण